पैंजणाचे चार तुकडे

६ जानेवारी, सोमवार

कामाची नोंदवही दुकानात असते. तिच्यात कार्डाचा क्रमांक, दोष, उपाय आणि सही एवढंच लिहायचं. जे तिच्यात मावत नाही त्यासाठी ही वही.

आज ते ग्राफिक्स कार्ड तिसऱ्यांदा परत आलं. आमच्याच दुकानातून सप्टेंबरात गेलेलं, जुनं, दुरुस्त करून सहा महिन्यांच्या वॉरंटीवर विकलेलं. ग्राहक प्रीती, बदलापूर पूर्व. एका फर्निचर शोरूमसाठी ती घरी बसून स्वयंपाकघरांची चित्रं करते. ओटा कुठे, कपाट कुठे, संध्याकाळी दिवा लावल्यावर टाइल कशी दिसेल, सगळं खऱ्यासारखं. तक्रार तीच. काम सुरू केल्यावर पाव-अर्ध्या तासात पडदा काळा होतो आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरायला लागतात. संगणक चालू, चित्र गायब.

आधी दोन्ही वेळा मी ते टेस्ट बेंचवर, म्हणजे दुकानातल्या तपासणीच्या टेबलावर, सहा-सहा तास पूर्ण भाराखाली चालवलं. तापमान ७१ अंशांच्या वर गेलं नाही. एकदाही बंद पडलं नाही. दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असं लिहून सही केली.

हरेशभाई दुकानाचे मालक, त्यांचा नियम आहे: तिसऱ्या वेळी शेवटचं कारण लिहायचं आणि शिक्का मारायचा. एक तर दोष आमचा आणि कार्ड बदलून द्यायचं, नाही तर ‘वापरातला दोष’ आणि विषय संपला.

शेजारच्या टेबलावरचा राजेंद्र म्हणाला, “इंजिनियर मॅडम, तिसऱ्यांदा आलंय म्हणजे माहेरपणाला आलंय. साडीचोळी करून पाठवा.” तो वीस वर्षं या धंद्यात आहे. मी सात महिने.

प्रीतीला शोरूमने ३ फेब्रुवारीपर्यंत दहा स्वयंपाकघरं द्यायला सांगितली आहेत. नाही झाली तर काम कल्याणच्या कुणाकडे तरी जाणार. हे तिने मला सांगितलं नाही, हरेशभाईंना सांगताना ऐकलं.

सकाळी डोकं दुखत होतं. कारण: सोल्डरचा धूर. टेबलावरचा पंखा फिरवून लावायला हवा.

८ जानेवारी, बुधवार

नऊ तास चालवलं. काही नाही.

उघडलं. पंख्यांच्या पात्यांवर तेलकट, पिवळसर थर. धूळ त्यात चिकटून बसलेली. म्हणजे संगणक स्वयंपाकाच्या जागेजवळ ठेवलेला असणार. फोडणीचा धूर, त्यात धूळ, म्हणून कार्ड तापतं. तर्क सरळ आहे. लिहिलं: वापरातला दोष. शिक्का मारला.

राजेंद्र म्हणाला, मी काही न उघडताच हेच लिहिलं असतं, तुम्ही उगाच नऊ तास वीज जाळली. मला ते आवडलं नाही. मी पुरावा पाहून लिहिलं होतं.

९ जानेवारी, गुरुवार

प्रीती आली. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. मी तिला तेलाचा थर दाखवला, संगणक कुठे ठेवता ते विचारलं. एकच खोली आहे, म्हणाली, त्यामुळे सगळंच सगळ्याच्या जवळ आहे. आवाज चढवला नाही. तिने कागद दोनदा वाचला.

“मी नेमकं काय केलं ते सांगा,” ती म्हणाली. “म्हणजे पुन्हा करणार नाही.”

मी म्हटलं की स्वच्छता ठेवा, हवा खेळती ठेवा. तिने कार्ड माझ्याकडे सरकवलं.

“हे इथेच राहू द्या. आमच्या घरातच बिघडतं ना ते. तुमच्याकडे सुखात आहे.”

ती गेली. कार्ड टेबलावर. मी ते खणात ठेवलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा खणात ठेवलं.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. सकाळी सात ते दहा डोकं दुखलं. आठवड्याचा धूर साठत असावा.

उद्या पौर्णिमा. विहारात जायला आईने ट्रंकेतून पांढरी साडी काढली. साडीच्या घडीत माझं लहानपणीचं पैंजण निघालं. एकच. दुसरं मी तिसरीत असताना शाळेत हरवलं. काळं पडलं होतं. आईने पाट मांडून पांढऱ्या दंतमंजनाने घासलं. घासताना खोकत होती. मी म्हटलं, राहू दे ना, घालायचं कुणाला आहे. ती म्हणाली, तुझ्या अंगात उष्णता फार, लहानपणीही चांदी आठ दिवस टिकायची नाही, पाहुणे बघायला येतील तेव्हा पायात काळी चांदी दिसली तर पहिलं हेच बोलतील.

मी तिला म्हटलं, ट्रंकेत ठेवलेल्या चांदीला माझी उष्णता कशी लागेल? म्हणाली, तुला प्रत्येक गोष्टीत वाद लागतो.

खोकल्याचं कारण: हवा बदलली.

१४ जानेवारी, मंगळवार

‘मी नेमकं काय केलं ते सांगा.’ पाच दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाही. मी तिला उत्तर दिलं नव्हतं, सल्ला दिला होता.

मग सुचलं. ती घरी कसं वापरते ते मी पाहिलेलंच नाही. आमच्या बेंचवर मदरबोर्ड आडवा झोपवलेला असतो आणि कार्ड त्यात ताठ उभं राहतं. ग्राहकाच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या डब्यात, मदरबोर्ड उभा असतो. कार्ड आडवं, एका कडेला धरलेलं, दुसरी कड अधांतरी. सव्वा किलो वजन. ते लोंबतं. केसभर का होईना, वाकतं.

जुन्या कॅबिनेटमध्ये बसवलं. बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा, पंखे पूर्ण वेगात.

दोष होता. तिन्ही वेळा होता. मी तीन वेळा कार्डाला उभं करून विचारलं आणि त्याने तीन वेळा बरं आहे म्हणून सांगितलं.

१५ जानेवारी, बुधवार

मायक्रोस्कोपखाली सगळा बोर्ड पाहिला. चार तास लागले. छोटे रेझिस्टर, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. त्यातल्या चौदांच्या टोकांना काळी बुरशी आल्यासारखं. बुरशी नाही, घासलं तर भुकटी पडते. एकावर मल्टिमीटर लावला, दहा हजार ओहम हवे होते, दहा हजार चारशे आले. कार्ड बोटाने किंचित दाबलं, आकडा गेला. सोडलं, परत आला.

या दाण्यांच्या टोकांना आत चांदीचा थर असतो. तो खाल्ला गेला आहे. तेलाने, धुळीने किंवा उष्णतेने हे होत नाही. कशाने झालं ते माहीत नाही.

हरेशभाईंना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, “शिक्का मारला ना, बेटा? आता रोज उठून शिक्का बदलायचा तर मग शिक्का कशाला ठेवायचा? प्रूफ आण. मग बोलू.”

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

प्रीतीच्या घरी गेले. कळवून गेले होते. कंपन्यांच्या बाजूला, चाळीतली शेवटची खोली, मागे नाला. संगणक मागच्या खिडकीजवळ, ओट्यापासून आठ फुटांवर. मी मोजलं. आठ फुटांवर फोडणीचा एवढा थर बसत नाही. तो तेलाचा नव्हता. हवेतलंच काही तरी असणार. हेही माझं चुकलं होतं.

तिचा नवरा शिफ्टला गेला होता. घरात सासूबाई होत्या, वेणूबाई, मूळच्या जवळच्याच चामटोली गावच्या. त्यांनी चहा ठेवला. प्रीती म्हणाली, “आमच्याकडे येऊन नाकाला रुमाल न लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच. माझा सख्खा भाऊ उंबऱ्यातूनच बोलतो.”

मी म्हटलं, मला तसा काही त्रास होत नाही. तिला बरं वाटलेलं दिसलं.

वेणूबाईंनी विचारलं, कार्ड का काय ते हिच्यामुळेच बिघडतं ना? मी काही म्हणायच्या आत त्या सांगायला लागल्या: हिच्या अंगात उष्णता. लग्नात जोडवी घातली ती महिन्यात तव्यासारखी झाली. नवी केली, तीही तशीच. हात लावेल ते जळतं. हे त्या रागाने बोलत नव्हत्या. पाणी वर चढत नाही असं सांगावं तसं सांगत होत्या. प्रीती कपबश्या विसळत होती.

“जोडवी आहेत?” मी विचारलं.

प्रीतीने डब्यातून काढून दिली. भिंगातून पाहिलं. कार्डावरच्या दाण्यांसारखंच काळं.

गंधकाचा वायू. चांदीला तोच काळं करतो. बारावीला शिकवलं होतं. नाल्यातून, नाही तर कुठून तरी हवेत येतो, आणि चांदी दिसेल तिथे बसतो, पायात असो की कार्डात.

मी त्यांना लगेच काही सांगितलं नाही. आधीच एकदा पुरेशा पुराव्याशिवाय लिहून बसले आहे.

२० जानेवारी, सोमवार

आईकडे पैंजण मागितलं. का ते सांगितलं. ती बराच वेळ ते हातात धरून बसली. “एकाचा काय उपयोग,” म्हणाली. “घे.”

पक्कडीने चार तुकडे केले. चारही एकसारखे घासून पांढरे केले. पहिला प्रीतीच्या खिडकीत. जाऊन टांगून आले. दुसरा दुकानात, माझ्या टेबलावर. तिसरा आमच्या घरी, संदर्भ म्हणून: आम्ही अंबरनाथ पश्चिमेला, कंपन्या रेल्वेच्या पलीकडे, त्यामुळे इथला तुकडा पांढरा राहायला हवा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहता येतील. मागच्या खिडकीत लावला. तिथे नाल्यावरून वारा चांगला येतो. चौथा प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड वितळवून बंद केलेल्या. जास्तीचा.

राजेंद्र तुकडा पाहून म्हणाला, “दुकानाला नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बघितली होती. पैंजण पहिल्यांदाच.” या वेळी मला हसू आलं.

डोकं: हो.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुकान: किंचित पिवळट. प्रीतीने फोटो पाठवला: तपकिरी, कडा काळ्या. घर: बदल नाही. अगदी लख्ख.

प्रयोग सरळ चालला आहे. तरी अस्वस्थ वाटतं. दहा दिवस उरले. प्रीतीची चार स्वयंपाकघरं झाली आहेत, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या संगणकावर, तो कामाला गेला की.

आईने येताना दंतमंजनाचा डबा आणायला सांगितला. गेल्याच आठवड्यात आणला होता.

२७ जानेवारी, सोमवार

तिन्ही तुकडे हरेशभाईंसमोर मांडले. घरचा पांढरा, दुकानचा पिवळा, प्रीतीकडून काल जाऊन आणलेला काळा. शेजारी कार्ड, मायक्रोस्कोपखाली. त्यांनी स्वतः डोळा लावून पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

“हवा,” ते म्हणाले.

“हो.”

“हवा की वॉरंटी कौन देता है, बेटा?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. दोष तिचा नाही एवढंच मी सिद्ध केलं होतं. आमचा आहे हे कुठे सिद्ध केलं होतं? मी म्हटलं, वॉरंटीचं तुम्ही ठरवा. पण ‘वापरातला दोष’ हे मी लिहिलं आहे, खाली माझी सही आहे, आणि ते खोटं आहे. ते मला खोडायचं आहे.

ते दुकानचा पिवळा तुकडा बोटाने फिरवत म्हणाले, “काट. दुसरं कार्ड नाही देणार. हेच बनव, दुकानाच्या वेळात बनव. आणि ही पिवळी वस्तू इथून हलव, गिऱ्हाईक विचारेल.”

खोडलं. शेजारी कारण लिहिलं. सही केली.

तिन्हींपैकी घरचा तुकडा परत खिडकीत लावला. सवय म्हणून.

३० जानेवारी, गुरुवार

चौदा दाणे काढले, चौदा नवे बसवले. दोन दिवस लागले. वर संरक्षक लेपाचे दोन हात दिले. खाली आधाराला छोटा खांब, म्हणजे कार्ड लोंबणार नाही. कॅबिनेटमध्ये आडवं ठेवून अकरा तास. पडदा काळा झाला नाही.

राजेंद्रने शेवटचे तीन दाणे लावून दिले. न सांगता स्टूल ओढून बसला होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

कार्ड घेऊन बदलापूरला. बसवलं, सुरू केलं. पडद्यावर एक स्वयंपाकघर उघडलं: पांढरा ओटा, मोठी खिडकी, खिडकीबाहेर झाडं. प्रीती म्हणाली, झाडं शोरूमवाल्यांना लागतात, खिडकीत काही तरी चांगलं दिसायला पाहिजे.

तिला खोडलेल्या नोंदीची प्रत दिली. मी म्हटलं, तुम्ही काही केलेलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं.

तिने कागद घडी करून डब्यात ठेवला, जोडव्यांच्या शेजारी. मग मी परत आणलेला काळा तुकडा तिने सासूबाईंच्या हातावर ठेवला. हा कुणाच्या अंगावर नव्हता, आई, ती म्हणाली. सहा दिवस खिडकीत नुसता टांगलेला होता.

वेणूबाई तुकडा उलटासुलटा करत राहिल्या. अंगठ्याने घासला. मग म्हणाल्या, “माजी सासू मना हेच बोलाची. मी चांदी घालाचीच सोडली.” मग सुनेकडे न बघता: “तुजी जोडवी घासून दे. मी टांगून बघतंय.”

मी निघाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रीतीचा निरोप: दहाही दिली. शोरूमने काही म्हटलं नाही, पुढची सहा पाठवली.

एवढ्याने मला शांत वाटायला हवं होतं. प्रयोग संपला म्हणून संध्याकाळी घरचा तुकडा काढायला मागच्या खिडकीशी गेले. आई तिथे पाट टाकून बसली होती. समोर दंतमंजन, हातात फडकं, फडक्यात माझा तुकडा. अंगठा आणि तर्जनी काळी.

मी विचारायच्या आत तीच बोलली.

“किती वेळा पुसू? दोन दिवस झाले की काळं. तू ते लोकांना दाखवणार. म्हटलं, पोरीच्या घरची चांदी काळी दिसायला नको.”

“कधीपासून पुसतेस?”

“लावलंस त्या दिवसापासून.”

संदर्भ. मी याच तुकड्याशी ताडून दोन ठिकाणांची हवा मोजली. हरेशभाईंसमोर ठेवला. कार्डाचा निकाल यामुळे बदलत नाही, ते तपासलं: दुकानचा पिवळा, प्रीतीकडचा काळा, दाण्यांवर तेच काळं. निकाल बदलत नाही. बाकीचं बदलतं.

मी आईला म्हटलं, आता हात लावू नकोस. ती म्हणाली, बरं. मग खोकायला लागली. मी पाणी दिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस. घरचा तुकडा: काळा. कडांना निळसर. प्रीतीकडचा चार दिवसांतही एवढा काळा नव्हता.

ही वही पहिल्या पानापासून वाचली, न लिहिलेले दिवसही आठवून मोजले. डोकेदुखी एकूण एकोणीस दिवस. त्यातले चार रविवार. रविवारी मी सोल्डर करत नाही. ‘कारण: सोल्डरचा धूर’ हे शब्द खोडले. आईच्या खोकल्यापुढचं ‘हवा बदलली’ हेही खोडलं. तिला विचारलं, खोकला कधीपासून आहे. गेल्या मार्चपासून, म्हणाली. अकरा महिने. मी लिहायला सुरुवात केली जानेवारीत. सोमवारी तिला दवाखान्यात नेणार आहे. तुकडा सोबत नेणार.

तिला सांगितलं की माझ्या अंगात उष्णता नाही. ती म्हणाली, ते तर मी कधीच म्हटलं नाही, लोक म्हणतील असं म्हटलं.

मग आम्ही दोघी मागच्या खिडकीशी उभ्या राहिलो. साडेसात वाजले होते. खाली नाला. तिने विचारलं, “आपल्याकडे वास येतो का गं?”

मी दोनदा श्वास घेतला. प्रीतीच्या भावाला उंबऱ्यातच येणारा वास मला तिथेही आला नव्हता. “मला नाही येत.”

“मलाही नाही,” ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.

चौथा तुकडा अजून पांढरा आहे. तो बंद पिशवीत आहे.